मानेचे मान

मराठीत 'मान' हा एकच उच्चार तीन शब्दांचे ओझे वाहतो. स्त्रीलिंगी 'मान' म्हणजे ग्रीवा. व्युत्पत्तीने ती संस्कृत 'मन्या'कडे जाते. पुल्लिंगी 'मान' म्हणजे सन्मान. तिसरा 'मान' स्वतंत्रपणे क्वचितच भेटतो, पण तापमान, पर्जन्यमान, दिनमान अशा सामासिक शब्दांत तो नित्याचा आहे. त्याचा अर्थ माप. मान ताठ ठेवणे, मान तुकवणे, मान खाली घालणे या वाक्प्रचारांत पहिल्या दोन अर्थांची सरमिसळ इतकी झाली आहे की कुठे शरीर संपते आणि कुठे प्रतिष्ठा सुरू होते हे सांगता येऊ नये. तिसऱ्या अर्थाचा पहिल्याशी संबंध मात्र भाषेने जोडला नाही. तो जोडला विसाव्या शतकातील वैद्यकाने, आणि तोही एका अशा रोगाच्या निमित्ताने ज्याकडे मानेचा रोग म्हणून कोणी पाहतच नव्हते.

र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा तो रोग. आपल्याकडे त्याला सैलपणे संधिवात म्हणतात, आयुर्वेदाच्या परिभाषेत त्याची सांगड आमवाताशी घातली जाते. या रोगाच्या रुग्णाची मान कितपत बाधित झाली आहे हे कसे ओळखावे, कशाने मोजावे, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या वाटेला का जावे, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे, की हा मुळात वाचनाचा इतिहास आहे. एक शरीर, त्यावरील खुणा, रुग्णाचे स्वतःचे शब्द आणि काचेवरील छायाचित्र या चारही गोष्टी एकमेकींशी विसंगत असताना त्यांतून अर्थ काढणारा वाचक काय पाहतो आणि काय गाळतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. या वाचकांनी सुमारे तीन दशके जे अंतर निष्ठेने मोजले ते मोजण्यास सोपे होते. रुग्णाचे भवितव्य मात्र त्याच्या मागच्या, दुसऱ्याच अंतरात होते.

थोडी शरीररचना येथे अपरिहार्य आहे. मानेत सात मणके. सर्वांत वरचा मणका म्हणजे निव्वळ एक कडे. कवटी त्यावर टेकलेली असते. युरोपीय शरीरशास्त्रज्ञांनी त्याला अ‍ॅटलास म्हटले. ग्रीक पुराणातील अ‍ॅटलासच्या खांद्यावर खरे तर पृथ्वी नव्हती, आकाश होते. पण शिल्पकारांनी त्याच्या पाठीवर गोल दिला आणि तोच गोल मग डोक्याच्या गोलाशी जुळला. दुसरा मणका अ‍ॅक्सिस, म्हणजे आस. त्याच्या माथ्यावर दातासारखा एक सुळा उभा असतो व तो अ‍ॅटलासच्या कड्यात पुढच्या बाजूला शिरलेला असतो. जात्याचा वरचा दगड मधल्या खिळीभोवती फिरावा तसे हे कडे, डोक्यासकट, सुळ्याभोवती फिरते. मानेच्या एकूण वळण्यापैकी जवळजवळ निम्मे वळणे या एका जोडावर होते. नकार देताना आपण जी मान हलवतो ती प्रामुख्याने येथे. सुळा जागेवर राहावा म्हणून त्याच्या मागून एक आडवा, चिवट बंध गेलेला असतो. त्या बंधाच्या मागे मज्जारज्जू.

मणक्यामणक्यांमध्ये सामान्यतः असणारी गादी या दोन मणक्यांमध्ये नसते. येथे आहेत ते केवळ सांधे, आणि त्यांना आतून तेच पातळ अस्तर आहे जे बोटांच्या सांध्यांना असते. र्‍हुमॅटॉइड रोग नेमका या अस्तराचा वैरी. अस्तर सुजते, जाड होते, हाड कुरतडते, बंध सैल करते. म्हणजे बोटांत जे घडते ते सारे येथेही घडू शकते. फरक इतकाच की बोटामागे मज्जारज्जू नसतो.

हे इतके उघड असूनही दिसले नाही, कारण रोगाची ओळखच हातांवरून झाली होती. १८०० साली पॅरिसमध्ये ऑगुस्तँ लाँद्रे-बोव्हे या तरुण वैद्याने पदवीसाठी प्रबंध लिहिला. साल्पेत्रिएर या निराधार स्त्रियांच्या विशाल आश्रयस्थानात त्याला नऊ रुग्ण आढळले, नऊही स्त्रिया. त्या काळी सांध्यांच्या दुखण्याचे प्रतिष्ठित नाव 'गाउट' होते आणि तो खाऊनपिऊन सुखी पुरुषांचा आजार समजला जाई. या गरीब, अशक्त बायकांचा आजार त्या चौकटीत बसेना. तेव्हा त्याने 'अशक्तांचा मूळचा गाउट' अशा अर्थाचे नवे नाव दिले. जुन्या नावाला एक विशेषण जोडून नव्या वस्तूची सोय लावायची, ही युक्ती साहित्यसमीक्षेलाही अपरिचित नाही. १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड बेअरिंग गॅरड यांनी 'र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव सुचवले. 'र्‍हुमॅटिझमसारखा दिसणारा' एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे तेही पुन्हा उपमेचेच नाव.

या रोगाला साहित्यात क्षयासारखे वलय कधी लाभले नाही. सूझन सोंटॅग यांनी १९७८ साली रोग आणि रूपक यांच्या संबंधावर पुस्तक लिहिले ते क्षय आणि कर्करोग यांना समोर ठेवून. सांध्यांच्या दुखण्यात त्या तोलाचे रूपक कुणाला सापडले नव्हते. त्याची प्रतिमा चित्रकलेतून आली, आणि तीही हातांचीच. ओग्युस्त रन्वार यांना हा रोग १८९२ च्या सुमारास जडला. १९१९ मध्ये ते गेले तोवर बोटे तळव्यात वळून घट्ट झाली होती. साशा गित्री यांनी १९१५ साली त्यांचे चलच्चित्र घेतले आहे. आखडलेल्या मुठीत कुंचला धरून तो वृद्ध रंग लावतो आहे. कुंचला हाताला बांधलेला असे, ही आख्यायिका. प्रत्यक्षात पट्ट्या होत्या त्या त्वचेच्या रक्षणासाठी, आणि कुंचला कोणीतरी मुठीत सरकवून देई. हे चित्रण पाहणारा प्रत्येक जण हात पाहतो. मान पाहावी असे कोणाला सुचणार?

आपल्याकडील एक नोंद येथे केली पाहिजे. सातव्या-आठव्या शतकातील माधवनिदानात आमवाताला प्रथमच स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्यात दुखऱ्या जागांची जी यादी आहे तीत हात, पाय, घोटे, कंबर, गुडघे यांच्यासोबत डोकेही आहे, आणि वेदनेला विंचवाच्या डंखाची उपमा आहे. आमवात आणि र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस एकच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. दोन भिन्न ज्ञानव्यवस्थांतील नावे अशी एकमेकांवर बसवता येत नाहीत. तरी मणके आणि बंध यांचे ज्ञान नसताना केवळ रुग्णाचे ऐकून केलेल्या यादीत डोके यावे, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही.

युरोपात हे ऐकण्याचे काम गॅरड यांच्या मुलाने केले. आर्चिबॉल्ड गॅरड हे नाव पुढे जन्मजात चयापचय-दोषांच्या शोधामुळे अजरामर झाले. १८९० साली मात्र त्यांनी वडिलांच्याच विषयावर ग्रंथ लिहिला. त्यात ५०० रुग्णांपैकी १७८ जणांची मान बाधित असल्याची नोंद आहे. म्हणजे तिघांमागे एकाहून अधिक. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून पाच वर्षे होती. ही मोजदाद केवळ विचारून आणि हाताने तपासून केलेली. इतक्या मोठ्या आकड्याने खळबळ उडायला हवी होती. ती उडाली नाही. मान आखडते, दुखते, हे खरे; पण मान कोणाची दुखत नाही? वार्धक्य, कष्ट, वारा, उशी अशी कारणांची रांग हाताशी असताना एका साध्या तक्रारीत मृत्यू दडलेला असेल असे कोणाला वाटावे? 'सांधेदुखीने माणूस मरत नाही' हे वाक्य तर वैद्यकाने आणि घराघराने मिळून जपलेले होते.

खरे पाहता अ‍ॅटलास निसटू शकतो हे ज्ञात होते. चार्ल्स बेल यांनी १८३० साली अशा एका मृत्यूचे वर्णन केले होते. पण त्या रुग्णाला घशातील व्रण होता, आणि ते प्रकरण त्या व्रणाच्या खात्यावर जमा झाले. दोन नोंदी, साठ वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या कपाटांत. त्या एकत्र वाचल्या गेल्या त्या १९५१ साली. डेव्हिस आणि मार्कली या अमेरिकन डॉक्टरांनी र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या एका रुग्णाचा मृत्यू मेंदूच्या देठावर दाब येऊन झाल्याचे प्रसिद्ध केले. एकच रुग्ण, पण त्यानंतर 'सांधेदुखीने माणूस मरत नाही' हे वाक्य पूर्वीसारखे उच्चारता येईना. पुढे १९७५ साली स्वीडनमधील माल्मो येथून आलेला अहवाल अधिक भेदक आहे. या रोगाच्या १०४ मृतांच्या शवविच्छेदनांत ११ जणांमध्ये अ‍ॅटलास गंभीरपणे सरकून मज्जारज्जू दाबला गेलेला आढळला, आणि त्यांपैकी ७ जणांना मृत्यू अकस्मात आला होता. अशा मृत्यूंचे कारण, मान उघडून पाहिली नसती तर, बहुधा हृदयाच्या नावे लिहिले गेले असते.

या दोन अहवालांच्या मधल्या काळात मोजमाप सुरू झाले. १९६१ साली शार्प आणि पर्सर यांनी या रोगात अ‍ॅटलास आपोआप कसा निखळतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी तपासणी आजही शिकवली जाते: एक तळहात रुग्णाच्या कपाळावर, दुसऱ्या हाताचे बोट मानेच्या दुसऱ्या मणक्यावर, डोके हलकेच मागे दाबले की सरकलेले कडे जागेवर येताना जाणवते. ही तपासणी अत्यंत जपून करायची, कारण ज्या सैलपणाचा शोध घ्यायचा त्याच्याशीच ती खेळते. काही रुग्ण सांगत, की पुढे वाकले तर डोके गळून पडेल असे वाटते. आज वाचताना जाणवते, की ही अतिशयोक्ती नव्हती. शरीराच्या आत जे घडत होते त्याचे ते शब्दशः वर्णन होते.

१९६६ साली कॉनलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३३ रुग्णांच्या मानेचा अभ्यास मांडला. एव्हाना पद्धत ठरून गेली होती. मानेचा बाजूने एक्स-रे काढायचा, आणि तो ताठ मानेने नव्हे तर मान पुढे झुकवून. ताठ मानेच्या चित्रात सारे आलबेल दिसू शकते. मान झुकवली की कडे डोक्याबरोबर पुढे जाते, सुळा मागे राहतो आणि दोहोंमध्ये फट उघडते. मान खाली घातल्याशिवाय या मानेचे सत्य उघड होत नाही. फट किती? प्रौढ माणसात ३ मिलिमीटरपर्यंत ती स्वाभाविक मानतात. त्याहून अधिक झाली की बंध सैल झाला असे समजायचे. जितकी फट मोठी तितका धोका मोठा. कल्पना स्वच्छ होती. कोणत्याही दवाखान्यात, एका पट्टीने, एका मिनिटात होणारे माप.

अडचण लवकरच दिसू लागली. मोठी फट असलेले रुग्ण वर्षानुवर्षे सुखाने हिंडतफिरत असत, आणि लहान फटीचे काही जण पांगळे होत. दुसरी अडचण याहून विलक्षण होती. कडे नुसते पुढे सरकत नाही. दोन्ही बाजूंचे सांधे झिजले की कवटी कड्यासकट खाली बसू लागते आणि सुळा वर, कवटीच्या तळाशी असलेल्या भोकाकडे चढतो. तेथे मेंदूचा देठ आहे. आता सुळा वर चढला की त्याचा रुंद पाया कड्यासमोर येतो, आणि पुढची फट कमी होते. एक्स-रे पाहणाऱ्याला वाटावे, प्रकृती सुधारली. माप सुधारत जाते आणि माणूस मृत्यूकडे सरकत जातो! इतका क्रूर श्लेष भाषेलाही क्वचित साधतो.

सुळा वर चढला आहे काय हे पाहण्यासाठी निराळ्या रेषा होत्या, पण त्या उसन्या होत्या. चेंबरलेन यांनी १९३९ साली आणि मॅकग्रेगर यांनी १९४८ साली टाळूच्या हाडापासून कवटीच्या मागील भागापर्यंत रेषा आखून, सुळ्याचे टोक तिच्या वर किती जाते हे मोजण्याची रीत घालून दिली होती. ती जन्मजात विकृतींसाठी होती. तेथे सुळ्याचे टोक शाबूत असते. र्‍हुमॅटॉइड रोगात तेच टोक झिजून नाहीसे होते. ज्या खुणेवरून मोजायचे ती खूणच रोग पुसून टाकतो. हस्तलिखिताच्या ज्या पानावर लेखनकाल असायचा तेच पान कसरीने खाल्लेले असावे, तसे. मग खूण बदलणे भाग पडले. १९७९ साली रानावत यांनी आणि १९८४ साली स्वीडनचे रेडलुंड-यॉनेल यांनी टोकाचा नाद सोडून दुसऱ्या मणक्याच्या बुडाकडून, जेथे रोग सहसा पोचत नाही तेथून, मोजायला सुरुवात केली. १९८९ साली क्लार्क यांनी आणखी सोपी युक्ती काढली: सुळ्याचे तीन भाग कल्पायचे आणि कडे कोणत्या भागासमोर आहे एवढेच पाहायचे. या साऱ्या मापांची एकत्र परीक्षा २००१ साली र्‍यू आणि सहकाऱ्यांनी घेतली. एकटे कोणतेही माप विश्वासार्ह ठरले नाही. ही शेवटची तीन एकत्र वापरली तर मात्र १०० पैकी ९४ विकृती पकडल्या जात होत्या.

रानावत हे नाव ओळखीचे वाटले असेल. चित्तरंजन रानावत, भारतात जन्मून न्यूयॉर्कमध्ये कीर्ती मिळवलेले अस्थिशल्यविशारद. त्यांचे नाव प्रामुख्याने गुडघेरोपणाशी निगडित आहे. १९७९ च्या त्याच लेखात त्यांनी मानेच्या रुग्णांची वर्गवारीही दिली, आणि ती आजही वापरात आहे. पहिल्या वर्गात मज्जातंतूंची कोणतीही बाधा नाही. दुसऱ्या वर्गात रुग्णाला स्वतःला अशक्तपणा जाणवतो, मुंग्या येतात, प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होतात. तिसऱ्यात अशक्तपणा तपासणाऱ्यालाही दिसतो. या तिसऱ्या वर्गाचे दोन भाग: जो चालू शकतो तो 'अ', जो चालू शकत नाही तो 'ब'. दुसरा आणि तिसरा यांच्यातील सीमारेषा लक्षात घेण्याजोगी आहे. रुग्ण सांगतो आणि डॉक्टरला दिसत नाही, तो दुसरा. डॉक्टरलाही दिसते, तो तिसरा. वैद्यकाच्या परिभाषेत ज्याला लक्षण आणि चिन्ह यांतील भेद म्हणतात तो या सीमारेषेवर उभा आहे.

ही रेषा ओलांडणे या रोगात इतके कठीण का, हे कळण्यासाठी पुन्हा साल्पेत्रिएरकडे वळावे लागते. लाँद्रे-बोव्हे यांच्या नऊ स्त्रियांचे ते आश्रयस्थान पुढे शार्को यांच्यामुळे मज्जाविकारशास्त्राची काशी झाले. शार्को यांचे शिष्य जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ साली दाखवून दिले, की तळपायावर टोकदार वस्तू ओढली असता अंगठा वर उचलला गेला तर मज्जारज्जूच्या वाटेत कुठेतरी दोष आहे. हे चिन्ह म्हणजे अवघ्या मज्जाविकारशास्त्राची लिपीच. पण ज्या पायाची बोटे र्‍हुमॅटॉइड रोगाने वाकडी होऊन आखडली आहेत त्याचा अंगठा वर कसा उचलला जाणार? गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया पाहायची, तर गुडघा धातूचा. मुठीची ताकद पाहायची, तर बोटे मिटत नाहीत. चाल पाहायची, तर नितंबाचे सांधे गेलेले. मज्जारज्जूच्या दाबाची जी जी चिन्हे शंभर वर्षांत जमवली, ती वाचण्याचा कागदच या रुग्णांच्या शरीरात आधी चुरगळलेला असतो.

यातून जे घडते ते सहज कल्पिता येते. या रोगाशी वीस वर्षे झुंजलेली बाई सांगते, की अलीकडे पोलक्याची बटणे लागत नाहीत, हातातून भांडे पडते, पाय कापसाचे झाले आहेत. ऐकणारा तिच्या हातांकडे पाहतो. हात असे असल्यावर बटणे लागणार कशी? तक्रार हातांच्या खात्यावर मांडली जाते. हातांनी, त्या रन्वारच्या हातांनी, पुन्हा एकदा मान झाकली. तिच्या बोलण्यातला कळीचा शब्द 'अलीकडे' हा होता. हात तर वीस वर्षे तसेच होते. मग महिन्याभरात काय बदलले? हा प्रश्न कोणत्याही यंत्राशिवाय विचारता येतो, आणि तो विचारला गेला नाही तर पुढे कितीही चांगले यंत्र आणून उपयोग नसतो. मान वाकवताच पाठीतून वीज खेळून जाते असे रुग्ण सांगतो तेव्हाही असेच. या संवेदनेला १९२४ पासून लेर्मिट यांचे नाव आहे. तिला चिन्ह म्हणण्याचा प्रघात असला तरी ती पाहता येत नाही, फक्त ऐकता येते.

१९८० च्या दशकात एम.आर.आय. आले. तोपर्यंत मज्जारज्जू एक्स-रेवर दिसतच नव्हता. हाडांच्या स्थितीवरून त्याची अवस्था ताडायची. आता तो स्वतःच दिसू लागला, आणि सुळ्यामागे साठलेला सुजलेल्या अस्तराचा गोळाही दिसू लागला. हाडांमधील जागेपैकी काही भाग हा गोळाच व्यापतो, म्हणजे साध्या चित्रात दिसते त्याहून खरी जागा कमी असते. तरीही जुन्या चित्राची गरज संपली नाही. एम.आर.आय. बहुधा आडवे झोपवून काढतात, आणि झोपलेल्या मानेतील सरकलेले कडे निमूटपणे जागेवर परतलेले असू शकते.

या इतिहासाला वळण देणारा लेख १९९३ सालचा. बोडेन आणि सहकाऱ्यांनी ७३ रुग्णांचा सरासरी सात वर्षे मागोवा घेतला. त्यांपैकी ४२ जणांना पक्षाघात झाला. जुनी चित्रे पुन्हा काढून त्यांनी दोन अंतरे मोजली. एक नेहमीचे, सुळ्याच्या पुढचे. दुसरे सुळ्याच्या मागचे: सुळ्याच्या पाठीपासून कड्याच्या मागच्या कमानीपर्यंतचे, ज्यात मज्जारज्जू राहतो. पुढच्या फटीवरून पक्षाघाताचे भाकीत करता येत नव्हते. मागच्या अंतरावरून येत होते. ते १४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर सावध व्हायचे. शस्त्रक्रियेनंतर कोण सावरणार हेही त्याच अंतराने सांगितले: कडे पुढे सरकल्यामुळे पांगळे झालेल्यांपैकी ज्यांच्यात ते १० मिलिमीटरहून कमी उरले होते त्यांच्यात सुधारणा झाली नाही.

हे तत्त्व नवे होते काय? १९६८ साली स्टील यांनी सांगून ठेवले होते, की अ‍ॅटलासच्या कड्यातील जागेचे तीन वाटे करावेत: एक सुळ्याचा, एक मज्जारज्जूचा आणि एक मोकळा. तो मोकळा वाटा म्हणजे निसर्गाने ठेवलेली सवड. सवड संपत आली की संकट जवळ आले, हे त्यातून निघतच होते. तरीही आणखी पंचवीस वर्षे बहुतेकांची पट्टी पुढच्या फटीवर राहिली. माझ्या मते यामागे आळस नव्हता. हाड किती हलले हे मोजणाऱ्याच्या मनात प्रश्न हाडाचा असतो. किती जागा उरली हे मोजणाऱ्याच्या मनात प्रश्न त्या जागेत राहणाऱ्याचा असतो. एक्स-रेवर हाड दिसत होते, राहणारा दिसत नव्हता. एम.आर.आय.ने तो दाखवल्यानंतर जुन्याच चित्रात त्याची जागा मोजण्याची रीत रूढ व्हावी, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही.

मापाचे महत्त्व वाढले ते उपचार बदलल्यामुळेही. १९९६ साली लंडनच्या केसी, क्रॉकर्ड आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखाचे शीर्षकच एक प्रश्न होते: चालणे गमावलेल्या रुग्णांवरील शस्त्रक्रिया म्हणजे फार मोठे काम, फार उशिरा, असे तर नव्हे? रानावतांच्या 'तीन-ब' वर्गात पोचल्यावर शस्त्रक्रिया केलेल्यांचे हाल चालणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक झाले होते. म्हणजे चालणे थांबण्याआधी निर्णय घ्यायला हवा. पण चालत्याबोलत्या माणसाची मान उघडायची तर ती शस्त्रक्रियाही भरवशाची हवी. गॅली यांनी १९३९ साली दाखवलेली तारेने मणके आवळण्याची रीत दीर्घकाळ प्रचलित होती. हाड जुळून येईपर्यंत मान बाहेरून जखडून ठेवावी लागे. कुरतडलेली, ठिसूळ हाडे तारेला दाद देत नसत.

येथे या कथेचा एक धागा मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात येतो. अतुल गोएल आणि लाहेरी यांनी १९९४ साली, पहिल्या दोन मणक्यांत थेट स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्याकडे या जोडाचे रुग्ण बहुतांशी जन्मजात विकृतीचे असतात आणि त्यांच्या अनुभवातून ही पद्धत घडली. संधिवाताच्या रुग्णांना तिचा लाभ ओघाने झाला. २००१ साली जर्मनीचे हार्म्स आणि मेल्चर यांनी पट्टीऐवजी दांडा वापरून तीच कल्पना मांडली, आणि काही काळ जगभर ती केवळ हार्म्स यांच्या नावाने ओळखली गेली. आज बहुतेक ठिकाणी गोएल-हार्म्स असे जोडनाव लिहितात. परिघावर लिहिलेला मजकूर केंद्रातून पुन्हा प्रसिद्ध झाल्यावरच वाचला जातो, हा अनुभव भाषांतराच्या अभ्यासकांना वेगळा सांगायला नको.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रोगाचे चित्रच पालटले आहे. मेथोट्रेक्सेट लवकर सुरू करण्याची रीत पडली. पंजाबात जन्मलेले रवींद्र मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये १९९२ साली टी.एन.एफ. या दाहकारक द्रव्याला रोखणारे औषध प्रथम रुग्णांना दिले. त्या दशकाच्या अखेरीस अशी औषधे बाजारात आली. मानेची गंभीर विकृती आता पूर्वीइतकी आढळत नाही. पण जपानमधील निरीक्षणे सांगतात, की ही औषधे मानेत नवी विकृती होऊ देत नाहीत हे जितके खरे, तितकेच आधी झालेली विकृती पुढे जाण्यापासून ती खात्रीने थांबवू शकत नाहीत हेही खरे. ज्यांचा रोग या औषधांच्या आधी सुरू झाला, अथवा ज्यांना ती परवडली नाहीत, त्यांच्या माना मोजाव्याच लागतात.

त्या मोजण्याची वेळ बहुधा भलत्याच निमित्ताने येते. वृद्ध रुग्ण गुडघा बदलण्यासाठी दाखल होते. मानेची तक्रार तिने केलेलीच नसते. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी डोके हलवावे, वळवावे लागते, स्नायू शिथिल झालेले असतात, आणि दुखते आहे असे सांगायला रुग्ण शुद्धीवर नसते. म्हणून जाणता भूलतज्ज्ञ आदल्या दिवशीच तिच्यापाशी जातो, हातांविषयी नव्हे तर मुंग्यांविषयी विचारतो, आणि मानेचे दोन एक्स-रे मागवतो: एक मान सरळ ठेवून, दुसरा तिला स्वतःला जमेल तितकीच मान पुढे झुकवून.